सहा किलो जुने लेगो: रास्त भाव किती समजावा?

अक्षरवेल

आमच्या शेजारच्या सोसायटीतील एक कुटुंब बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतून पुण्याला कायमचे परतले आहे. मुले मोठी झाल्यामुळे त्यांचे लेगोचे ठोकळे त्यांनी विकायला काढले असून व्हॉट्सॲप गटावरून ही बातमी माझ्यापर्यंत पोहोचली. झाकणाचे दोन मोठे डबे, त्यांच्या सांगण्यानुसार एकूण सहा किलो वजन, काही सूचनापुस्तिका आणि वेगळ्या पिशवीत ठेवलेली छोटी माणसे असा सगळा ऐवज आहे; मूळ खोकी मात्र एकही नाहीत. किंमत २४,००० रुपये सांगितली आहे आणि ‘थोडेफार कमी करू’ असेही म्हटले आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने घरे व पूल बांधणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे संच पूर्णच असावेत असा आमचा आग्रह नाही. नव्या संचांच्या किमती पाहून छाती दडपते आणि जुन्याचा भाव कोणत्या हिशेबाने ठरवावा हे उमजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आठ_खुंट्या

प्रथम किलोंचे नगांत रूपांतर करून पाहावे, म्हणजे किंमत डोळ्यांसमोर येते. लेगोचा नेहमीचा दोन बाय चार खुंट्यांचा (म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांचा) ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा असतो, म्हणजे निव्वळ असे ठोकळे असतील तर किलोत सुमारे ४३० बसतात. घरातल्या मिश्र डब्यात मात्र चपट्या प्लेटा, एका खुंटीचे बारीक नग, चाके, खिडक्या असे सर्व काही मिसळलेले असते आणि तेथे किलोला ६०० ते ८०० नग हा अंदाज बहुधा जुळतो. सहा किलोंचे सुमारे ४,२०० नग धरले तर मागितलेल्या किमतीत एक नग पावणेसहा रुपयांना पडतो.

आता नव्याशी तुलना करू. १०६९८ क्रमांकाचा मोठा क्रिएटिव्ह डबा ७९० नगांचा आहे आणि अमेरिकेत तो बराच काळ ५९.९९ डॉलरला मिळत असे. म्हणजे नगाला साधारण साडेसात सेंट. डॉलर ढोबळमानाने ८५ रुपये धरला तर हे साडेसहा रुपयांच्या आत-बाहेर होते. मुलांनी वर्षानुवर्षे हाताळलेल्या, खोके नसलेल्या, अपुऱ्या मालाला तेथील नव्या मालाच्या जवळजवळ नव्वद टक्के किंमत मागितली जात आहे, असा याचा अर्थ होतो.

वजनाबद्दल एक सावधगिरी. डब्यात डुप्लोचे, म्हणजे लेगोचेच पण लहानग्यांसाठीचे मोठे ठोकळे असतील तर वजन फुगते आणि नगांची संख्या घटते. डुप्लोची प्रत्येक बाजू साध्या ठोकळ्याच्या दुप्पट असते. ज्यांवर बांधकाम उभे करतात त्या मोठ्या पायापाट्यांचेही तसेच. शिवाय सहा किलोंमध्ये डब्यांचे वजन धरले आहे काय, हे विचारायला संकोच करू नये.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि उन्हाळ्यात शनिवारी सकाळी गॅरेज सेल धुंडाळणे हा माझा जुना नाद आहे. इकडे न निवडलेल्या, न धुतलेल्या मिश्र लेगोला पौंडामागे ५ ते १० डॉलर हा सर्वसाधारण भाव आहे. कोणी स्वच्छ धुऊन, रंगवार लावून, परके ठोकळे काढून विकत असेल तर तो अधिक मागतो आणि त्या मेहनतीचे पैसे देण्यात काही गैर नाही. पौंडाला ८ डॉलर धरले तर किलोला साडेसतरा डॉलर, म्हणजे सुमारे १,५०० रुपये होतात. या कुटुंबाने निघण्यापूर्वी इकडेच विक्री केली असती तर सहा किलोंचे त्यांना ९,००० रुपयांच्या आसपास मिळाले असते. २४,००० ही किंमत मला अव्वाच्या सव्वा वाटते.

हिशेबनीस

एडिसनकर यांचा हिशेब त्यांच्या गावापुरता बरोबर आहे, परंतु तो पुण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. भाव माल जेथे आहे तेथला धरावा लागतो. भारतात आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झाले. त्यावर टपालखर्च आणि इतर कर वेगळे. तिकडून नऊ हजारांचा माल मागवला तर घरी येईपर्यंत त्याची किंमत दुपटीपलीकडे जाऊ शकते. शिवाय अमेरिकेत जुन्या लेगोचा जो अखंड पुरवठा आहे तो आपल्याकडे नाही, कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे खेळणे येथे फार थोड्या घरांत होते. त्यामुळे किलोला २,००० ते २,५०० रुपये ही किंमत मी पुण्या-मुंबईत रास्त समजेन.

मात्र विक्रेत्यांनी हे ठोकळे घरसामानासोबत आणले आहेत, त्यांनी त्यावर व्यापारी आयातीसारखा खर्च केलेला नाही, हेही लक्षात असू द्यावे. शुल्काची जी बचत झाली ती उभयतांनी वाटून घेतली तर कोणाचेच नुकसान नाही.

पिवळे_डोके

वरील सर्व चर्चा ठोकळ्यांची झाली, पण त्या वेगळ्या पिशवीचे काय? हलत्या हातापायांची छोटी माणसे लेगोने १९७८ मध्ये आणली. एकेक माणूस जेमतेम तीन ग्रॅमचा असतो, आणि तरीही अनेकदा डब्याच्या निम्म्या किमतीचा ऐवज त्यांच्यातच असतो. सगळ्या डब्याला एकच किलोचा भाव लावणे म्हणजे तांब्या-पितळेची भांडी रद्दीच्या काट्यावर घालण्यासारखे आहे, आणि यात फसगत घेणाऱ्याची होते तशी देणाऱ्याचीही होते. पोलीस, अग्निशामक, बांधकाम मजूर अशी नेहमीची माणसे एक-दोन डॉलरला मिळतात. १९९९ पासून निघालेल्या स्टार वॉर्सच्या संचांतील काही पात्रे मात्र अशी आहेत की त्यातले एक मिळाले तरी ठोकळ्यांचा सर्व खर्च भरून निघावा. २००३ च्या १०१२३ क्रमांकाच्या क्लाउड सिटी संचातील छापील हात-पायांचा बोबा फेट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. २०१३ चा सोनेरी मिस्टर गोल्ड तर जगात केवळ ५,००० नग काढला गेला.

भाव पाहण्यासाठी ब्रिकलिंक हे संकेतस्थळ वापरावे. ते २००० मध्ये एका हौशी संग्राहकाने सुरू केले आणि २०१९ पासून ते लेगोच्याच मालकीचे आहे. त्यावर प्रत्येक संच, माणूस आणि सुटा नग यांचे मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे सरासरी भाव दिसतात, नव्याचे वेगळे आणि वापरलेल्याचे वेगळे. आपण वापरलेल्याचा रकाना पाहावा. तेथेच शेजारी सध्या विक्रीस असलेल्या मालाच्या मागणीच्या किमती असतात आणि बहुतेक विक्रेते त्याच दाखवतात. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतो; मोबदला कोणी खरोखर मोजला, हे पाहायचे असते.

अक्षरवेल

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. एक गोष्ट सांगायची राहिली होती. विक्रेत्या काकांचे म्हणणे असे की लेगो ही गुंतवणूक आहे, त्याची किंमत दरवर्षी वाढते आणि यावर विद्यापीठाचे संशोधनही झालेले आहे. याला काय उत्तर द्यावे?

पिवळे_डोके

संशोधन झाले आहे, हे खरे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातील संचांच्या किमती तपासल्या आणि सरासरी वार्षिक परतावा १० ते ११ टक्क्यांच्या घरात असल्याचे मांडले. परंतु तो अभ्यास न उघडलेल्या, खोकेबंद संचांचा होता. डब्यात एकत्र ओतलेल्या सुट्या ठोकळ्यांना तो आकडा लावता येत नाही.

खोकेबंद संचांचाही भरवसा नसतो. ताजमहालाचे उदाहरण पाहा. १०१८९ क्रमांकाचा ५,९२२ नगांचा ताजमहाल २००८ मध्ये २९९.९९ डॉलरला निघाला, पुढे बंद झाला आणि दुय्यम बाजारात त्याचे भाव गगनाला भिडले. संग्राहक तो कपाटात जपून ठेवत होते. २०१७ मध्ये कंपनीने १०२५६ या नव्या क्रमांकाने जवळजवळ तोच संच ३६९.९९ डॉलरला पुन्हा बाजारात आणला, एका नगाचा काय तो फरक, आणि जुन्याचे भाव धाडकन उतरले. शनीकडे नव्हे तर चंद्राकडे गेलेल्या सॅटर्न पाच अग्निबाणाच्या संचाचेही तेच झाले: २१३०९ हा २०१७ चा, १,९६९ नगांचा, २०२० मध्ये तो ९२१७६ या क्रमांकाने परत आला.

इझारकाठ

मी म्युनिकला असते आणि येथील जुन्या बाजारांत मुलांनी स्वतः मांडलेल्या चादरींवरून आम्ही बरेच लेगो घेतले आहे. किमतीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्रत्यक्ष पाहणीला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

डब्याच्या वरच्या थरावर कधीही मत बनवू नये. हात तळापर्यंत घालून मूठभर नग बाहेर काढावेत, ते उजेडात पसरावेत, आणि असे दोन्ही डब्यांच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून करावे. अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक खुंटीवर लेगो ही अक्षरे उठावाने असतात. अगदी बारीक किंवा गुळगुळीत नगांवर ती खालच्या किंवा आतल्या बाजूला शोधावी लागतात. मुठीतील दहांपैकी एक-दोन नग परके निघाले तर त्याच प्रमाणात वजन वजा करण्याची मागणी करावी. येथे थोडे विषयांतर करते: परका ठोकळा म्हणजे बेकायदेशीर ठोकळा, असा अनेकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. मूळ ठोकळ्याच्या पेटंटची मुदत कधीच संपली आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ठोकळ्याच्या आकारावर कंपनीला व्यापारचिन्हाचा मक्ता देण्यास नकार दिला. पोलंडची कोबी ही कंपनी उघडपणे आणि चांगल्या दर्जाचे जुळणारे ठोकळे बनवते. संच आणि खोकी जशीच्या तशी नकलून विकणारे लेपिन हे प्रकरण वेगळे होते आणि त्यावर २०१९ मध्ये शांघायच्या पोलिसांनी धाड घातली. मुलीने बांधण्याच्या दृष्टीने चांगला परका ठोकळा चालेल, पण त्यासाठी अस्सलाचा भाव देऊ नये, आणि घट्ट न बसणारा किंवा बसला की न निघणारा असेल तर तो फुकटही घेऊ नये.

दुसरी पाहणी रंगाची. पांढरे, करडे आणि निळे ठोकळे उन्हाने पिवळट पडतात. २००४ च्या सुमारास कंपनीने करड्या आणि तपकिरी रंगांच्या छटा बदलल्या, त्यामुळे मिश्र डब्यात दोन प्रकारचे करडे दिसले तर तो दोष मानू नये. त्यातून डब्याचे वयच कळते. तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल रंगांचे दोन-तीन नग जोडून वेगळे करून पाहावेत, कारण त्या रंगांचे काही वर्षांतील उत्पादन ठिसूळ निघाले आणि ते हलक्या दाबानेही तडकते. माणसांच्या बाबतीत धडाच्या बाजूची बारीक चीर, चावलेले हात आणि पुसट झालेली छपाई पाहावी.

ठोकळे फार जुने, १९७० च्या दशकातील किंवा १९८० च्या आरंभीचे असतील तर आणखी एक गोष्ट. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात त्या काळच्या लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांत, ज्यांत जुने लेगोही होते, कॅडमियमसारखे घातक धातू आढळले होते. आपल्या प्रकरणात मुले आताच मोठी झाली आहेत, म्हणून हा प्रश्न बहुधा येणार नाही; परंतु आजोबांच्या काळातले ठोकळे त्याच डब्यात मिसळले आहेत काय, हे सहज विचारून घ्यावे. तोंडात वस्तू घालणारे लहान मूल घरी असेल तर मी तसे नग अजिबात घेणार नाही.

नाशिककर७

एवढा खटाटोप कशाला करायचा? नव्या ठोकळ्यांचा एक मध्यम डबा घ्यावा आणि मोकळे व्हावे.

आठ_खुंट्या

नाशिककर, १०६९६ या मध्यम डब्यात ४८४ नग येतात. तेवढ्यात एक बऱ्यापैकी घर उभे राहते आणि पूल बांधायचा म्हटले की घर मोडावे लागते. मनाने बांधणाऱ्या मुलाला नग विपुल लागतात, आणि १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसत असल्यामुळे जुने-नवे असा भेद खेळताना उरत नाही. जुना माल घेण्याचे खरे कारण हेच आहे.

अक्षरवेल

शनिवारी जाऊन पाहणी करण्याचे ठरले आहे. संकोच एवढाच की ओळखीचे लोक आहेत. काटा घेऊन गेले आणि खुंट्या तपासत बसले तर त्यांना अविश्वास वाटेल काय?

हिशेबनीस

काटा त्यांच्या देखत लावावा आणि आकडे त्यांच्यासमोरच कागदावर लिहावेत. त्यात अविश्वास नाही, उलट पुढची कटकट टळते. ‘तुमची किंमत जास्त आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘मी किलोचा भाव असा धरला आहे, माणसांचा असा धरला आहे, तुम्हाला यात काय चुकीचे वाटते’ असे विचारावे. घासाघीस आकड्यावरून सुरू झाली की प्रतिष्ठेची होते, हिशेबाच्या पद्धतीवरून सुरू झाली की पुष्कळदा लवकर मिटते. आणि एक: त्यांना माहीत नसलेली मौल्यवान वस्तू डब्यात दिसली तर ती सांगावी. रास्त भाव हा शब्द आपण दोन्ही बाजूंनी वापरत असू, तरच या धाग्याला अर्थ आहे.

एडिसनकर

हिशेबनीस यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. गॅरेज सेलमध्ये अनोळखी माणसाने स्वतःहून लावलेली किंमत मी देतो, त्याला व्याख्यान देत नाही. शोधणाऱ्याच्या मेहनतीलाही काही मोल असतेच. शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र तुमचेच बरोबर आहे, कारण तेथे उद्या पुन्हा समोरासमोर यायचे असते.

अक्षरवेल

पाहणी झाली आणि व्यवहारही झाला, म्हणून वृत्तांत देते.

सामान तोलण्याच्या काट्यावर दोन्ही डबे मिळून बरोबर सहा किलो भरले, पण ते झाकणांसकट. ठोकळे रिकामे केल्यावर निव्वळ वजन ५.१ किलो निघाले. त्यातून डुप्लो ६०० ग्रॅम आणि परके ठोकळे २०० ग्रॅम वेगळे झाले, म्हणजे अस्सल लेगो ४.३ किलो उरले. तपकिरी नग दाबून पाहिले तेव्हा दोन तडकले, पण काकूंनीच ‘असू दे, बाकीचेही पाहून घे’ असे सांगितले. दुसऱ्या डब्याच्या तळाशी एक करडा-पांढरा, छोट्या पडद्याचा जड ठोकळा आणि तीन मोटारी मिळाल्या. इझारकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे तळापर्यंत हात घातला नसता तर ते आज दिसलेच नसते. काका-काकूंच्या मुलाने फोनवर सांगितले की तो शाळेच्या रोबोटिक्स स्पर्धेसाठी घेतलेला माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी, म्हणजे लेगोच्या यंत्रमानवाचा मेंदू आहे. काका त्याला बंद पडलेले खेळण्यातले घड्याळ समजत होते.

ब्रिकलिंकवर भाव त्यांच्यासमोरच पाहिले. एनएक्सटी आणि स्टार वॉर्सची नऊ माणसे त्यांनी वेगळी विकावीत असे आम्ही ठरवले, कारण त्यांचा योग्य मोबदला देण्याची माझी तयारी नव्हती आणि मुलीला त्यांचे आकर्षणही नव्हते. उरलेली २२ माणसे प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे ३,३०० आणि ठोकळे किलोला २,२०० प्रमाणे ९,४६० असा हिशेब झाला. १२,५०० ला सौदा ठरला आणि डुप्लो काकूंनी आमच्या इमारतीतील एका छोट्यासाठी तसेच दिले. आता दोन शंका उरल्या आहेत: हे सर्व धुवावे कसे, आणि पुस्तिकांपैकी एक-दोन संच पूर्ण करावेसे वाटले तर हरवलेले नग कोठून आणावेत?

पिवळे_डोके

अभिनंदन. एनएक्सटी हा २००६ साली आलेला संच आहे आणि माइंडस्टॉर्म्स ही मालिका २०२२ अखेर बंद झाली, त्यामुळे चालू स्थितीतील एनएक्सटीला गिऱ्हाईक मिळेल. काकांना विक्रीपूर्वी बॅटरीचा कप्पा उघडायला सांगावे. आत सहा पेन्सिल सेल असतात आणि ते गळून पत्रे गंजले असतील तर किंमत बरीच पडते.

इझारकाठ

पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे, त्यापलीकडे ठोकळे वाकण्याचा धोका असतो. म्हणून उकळते पाणी, कपड्यांचे यंत्र आणि भांड्यांचे यंत्र वर्ज्य. बादलीत सौम्य साबण घालून तासभर भिजवावेत, हाताने हलवावेत आणि दोन वेळा साध्या पाण्याने खळबळून घ्यावेत. मोटारी, विजेची तार असलेले नग आणि कागदी चिकटपट्ट्या लावलेले नग आधीच बाजूला काढावेत. वाळवताना सुती कापडावर सावलीत पंख्याखाली पसरावेत. पुण्याच्या पावसाळ्यात पोकळ भागांत पाणी साचून राहते, म्हणून ते दुसऱ्या दिवशी उलटे करून पुन्हा पसरावे लागतील.

आठ_खुंट्या

सूचनापुस्तिकेच्या मुखपृष्ठावर संचाचा क्रमांक असतो. तो रिब्रिकेबल या संकेतस्थळावर टाकला की त्या संचातील सर्व नगांची चित्रांसह यादी मिळते. जे सापडले ते खुणावत गेले की उरलेली यादी हीच आपली खरेदीची यादी. नग मागवताना शक्यतो भारतातलाच विक्रेता निवडावा, म्हणजे सीमाशुल्काचा प्रश्न येत नाही. सुट्या नगाची किंमत थोडी आणि टपालखर्च मोठा असे गणित असते, म्हणून दोन-तीन संचांची उणीव एकत्र करून एकाच विक्रेत्याकडून मागवावी. रंगाबाबत मात्र यादीतील नाव नीट जुळवावे, कारण जुना करडा मागवायचा असताना निळसर करडा आला तर तो संचात उठून दिसतो. गाभ्यात दडणारे, बाहेरून न दिसणारे नग असतील तर त्यांचा रंग पाहूही नये, आपल्या ४.३ किलोंतून कोणताही त्याच आकाराचा नग तेथे चालतो.